पंचांनी काहीही स्वीकारू नये

भोर-वेल्ह्याकडे माणसं किल्ले चढायला जातात, धरणाच्या काठी तंबू ठोकायला जातात, निदान मिसळ खायला तरी जातात. चैत्रातल्या एका शनिवार-रविवारी मी या दोन्ही तालुक्यांत जाऊन आले आणि यांतलं काहीही केलं नाही. मी कबड्डीची पंच आहे. जत्रेच्या दिवसांत गावोगाव मुलींचे सामने भरतात आणि संघटना आमची तिथं नेमणूक करते. पंचाला प्रवासात काय काय करता येत नाही, हे ज्यांच्या गळ्यात कधी शिट्टी पडली नाही त्यांना ठाऊक नसतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमची नियमावली बारीक अक्षरात छापलेली आहे. ठरलेल्या मानधनाखेरीज पंचानं आयोजकांकडून किंवा संघाकडून काहीही स्वीकारू नये. खेळाडूच्या घरी जेवू नये, उतरू नये. संघाबरोबर एका गाडीतून येऊ नये. स्पर्धेतल्या कुणाशी नातं असेल तर सामन्याआधी जाहीर करावं. आणि हे सगळं पाळलं की नाही ते परत आल्यावर स्वतःच्या हातानं अहवालात लिहून द्यावं. चूक सापडली तर मोसमभर नेमणूक नाही. त्यातून यंदा पंच जास्त आणि स्पर्धा कमी, त्यामुळे संघटना नावं गाळायला निमित्त शोधते आहे, अशी सगळीकडे कुजबुज होती.

नेमणूक गेली तर माझं काय जाईल, तेही सांगून टाकते. मी हडपसरच्या एका शाळेत खेळाची बाई आहे. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला. आठवडाभर शाळा मला ओढून नेते. रविवार मात्र दुपारी एका जागी बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. मैदानावरचा रविवार तसा नसतो. त्यामुळे नियमावली मला पाठ आहे.

या खेपेला जोडीला जगदाळे सर होते. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेत. नियमावली प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळगतात आणि जिथं नियम अपुरा वाटतो तिथं स्वतःचा घालतात.

विंझर

नसरापूरला हमरस्ता सोडून एसटी वेल्ह्याच्या वाटेला लागली की हवा बदलते, असं म्हणतात. आमच्या गाडीत हवा नव्हतीच, जत्रेची गर्दी होती. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण कंडक्टर "वेल्हं, वेल्हं" असंच ओरडत होता आणि माणसंही त्याच नावावर चढत-उतरत होती. दोन्ही बाजूंच्या खाचरांत राब भाजलेले, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन पालापाचोळा टाकून जाळून ठेवलेली. डोंगराच्या पायथ्याशी असे काळे चौकोन दूरवर दिसत होते. मी ते कौतुकानं पाहत होते. जगदाळे सर म्हणाले, "आखणी सरळ आहे."

विंझरला आयोजकांपैकी अण्णा नावाचे गृहस्थ आम्हाला न्यायला आले. हार नको, फेटा नको, हे सरांनी एसटीच्या पायरीवरूनच सांगून टाकलं. अण्णांनी हार हातातच ठेवला आणि शाळेपर्यंत तसाच नेला. शाळेत पाणी आलं. पाणी नियमात बसतं. मग अण्णा समोर बसले आणि त्यांनी या भागातला खरा खेळ सुरू केला.

"गाव कोंचं म्हनायचं, सर?"

"पुणे."

"पुन्याचं कुनीच नसतंय हो. मूळ गाव?"

"ते सांगायला मनाई आहे," सर म्हणाले. असा नियम नाही.

अण्णा बोटांवर नाती मोजायला लागले. "जगदाळे म्हंजी... आमच्या साडूची भन दिलीया जगदाळ्यांत. पल्याड सातारच्या बाजूला. त्यांच्यात एक टपालात व्हते बगा."

सर उठले आणि मैदान मोजायला निघून गेले. मैदान आयोजकांनी सकाळीच मोजून ठेवलेलं होतं.

आमच्या सोसायटीत समोरच्या घरातलं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे कळलं. मधे त्यांनी पाटी बदलली तेव्हा कळलं की माणसंही बदललीत. इकडे मात्र नातं काढल्याशिवाय माणूस माणसाला चहासुद्धा देत नाही, आणि काढायला बसलं की ते निघतंच. तीन पावलं आत गेलं की कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी चुलत्याला दिलेली असते. आपण एकटे आहोत असं या दोन तालुक्यांत सिद्ध करून दाखवणं फार अवघड आहे. आणि पंचाला नेमकं तेच सिद्ध करायचं असतं.

सामने चांगले झाले. रात्री आमची सोय शाळेतच होती. शेजारी जत्रेचं मटण शिजत होतं आणि वास थेट वर्गात येत होता. अण्णा बोलवायला आले.

"कुणाच्या घरचं आहे?" सरांनी विचारलं.

"कुनाच्याच न्हाई. गावाचं हाय."

"गावाचा संघ आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी डबा उघडला. आम्ही फळ्याखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मला त्या रात्री जगदाळे सरांचा मनापासून राग आला होता.

हिर्डोशीची वाट

रविवारची स्पर्धा भोर तालुक्यात, हिर्डोशीच्याही पुढच्या एका वाडीत होती. वाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. भोरहून तिकडे जाणाऱ्या एसट्या मोजक्याच, आणि आमची नेमकी चुकली. स्टँडबाहेर एक टेम्पो हिर्डोशीकडे निघाला होता. सरांनी चालकाची उलटतपासणी घेतली. टेम्पो आयोजकांचा नाही, जत्रेच्या मांडवाचा आहे, आणि मांडववाला कुठल्याच संघात नाही, एवढी खातरजमा करून आम्ही खुर्च्यांच्या ढिगाऱ्याशेजारी जागा केली.

धरणाचं पाणी दिसायला लागलं तिथं टेम्पो थांबला आणि हिरवे गणवेश घातलेल्या मुली भराभर आत चढल्या. नसरापूरकडचा संघ होता. त्यांचीही एसटी चुकली होती आणि एका जीपनं त्यांना तिथपर्यंतच आणून सोडलं होतं.

"मॅडम, सरका की थोडं," त्यांची कर्णधार प्रियांका म्हणाली.

मी सरांकडे पाहिलं. ते तोवर खाली उतरलेसुद्धा होते.

उरलेली वाट आम्ही चालत गेलो. मुली टेम्पोच्या मागून हात हलवत दिसेनाशा झाल्या. ऊन कडक होतं. खाली धरणाचं पाणी आटत गेलेलं आणि काठावर त्याच्या उतरण्याच्या रेघा उमटलेल्या, एकाखाली एक. पलीकडे वरंध्याच्या बाजूचे डोंगर धुरकट दिसत होते. सगळीकडे इतकं शांत होतं की सरांच्या पिशवीतली नियमावली पावलागणिक कुरकुरताना ऐकू येत होती. रस्त्याकडेला करवंदांच्या जाळ्या पिकून काळ्या झाल्या होत्या. मी ओंजळभर तोडली.

"जाळी कुणाची आहे ते माहीत आहे का आपल्याला?" सर म्हणाले.

"जंगल खात्याची असेल."

"त्यांचा संघ नाही," सर थोडा विचार करून म्हणाले, आणि त्यांनीही चार घेतली. माझा आदल्या रात्रीचा राग तिथं उतरला.

वाडी

वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीत बसलेली चाळीसेक घरं, एक देऊळ, आणि देवळापुढे कापणीनंतर सपाट करून घेतलेलं खाचर. तेच मैदान. मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर येते, म्हणून सगळी वाडी फोन घेऊन तिथं बसलेली असते. मीही चालून दमले होते, जाऊन त्याच कट्ट्यावर टेकले. शेजारी हौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. पाठ ताठ, कपाळ मोकळं, डोळ्यांना चष्मा. वाडीच्या संघाची कर्णधार कोमल ही त्यांची नात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी दुसरीकडे बसले असते.

त्यांनी गार पाणी दिलं आणि विचारलं, "म्हायेर कुटलं गं तुजं?"

सर मैदान मोजत होते. मी बेसावध होते. "पुरंदरातलं," म्हटलं. "पण आता तिथं कुणी नाही. आई-वडील गेले, भाऊ सुरतेला असतो. घराला कुलूप आहे."

"आन आय कुटली?"

"आई इकडचीच. भोरजवळची." गावाचं नाव सांगितलं. मामांचं आडनावही सांगितलं. माणूस दमलेला असला की किती बोलतो.

हौसाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुज्या आयचं नाव इंदू का?"

मी हो म्हटलं.

"तुज्या आयची मावशी, ती माजी सासू. इंदू सुट्टीत हितंच ऱ्हायला यायची. ह्याच कट्ट्यावरनं पडून दात मोडून घेतला व्हता तिनं."

आईचा समोरचा एक दात अर्धा होता. तो कुठं मोडला हे मी कधी विचारलं नव्हतं. मला एकाच वेळी रडू आलं आणि नियम आठवला.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी पिशवीतून नियमावली काढली. सामन्याआधी नातं जाहीर करणे आणि दोन्ही कर्णधारांची संमती घेणे, असा नियम निघाला. दुसरा पंच मागवावा तर एसटी संध्याकाळशिवाय नव्हती. साखळी सामन्यांत वाडीच्या संघाचे सामने सरांनी एकट्यानं सांभाळले, बाकीचे मी. पण अंतिम सामन्याला दोघंही लागतात, आणि अंतिम सामना वाडी विरुद्ध नसरापूरकडच्या मुली असाच झाला.

जाहीर करायचं म्हणून मी माईकवाल्याच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्यानं ती स्वतःच्या पद्धतीनं सांगितली. "आत्ताच हाती आलेल्या बातमीनुसार पंच मॅडम या आपल्या वाडीच्या लेक निघालेल्या हायेत. एकदा जोरदार टाळ्या."

टाळ्या पडल्या. कोमलनं तर लगेच मान हलवून संमती दिली. मी मान खाली घालून प्रियांकाकडे गेले आणि हरकत असेल तर स्पष्ट सांग, म्हणाले.

"हरकत न्हाई, मॅडम," ती पायाला क्रेप बँडेज गुंडाळत म्हणाली. "तुमी त्यांच्या लेक, म्हंजी आता त्यांच्यावरच जास्त कडक ऱ्हाल. आमाला बरंच हाय."

एवढ्यावर निभावलं असतं. पण तेवढ्यात मैदानाच्या कडेनं बायकांचा घोळका आला आणि सगळ्यांत पुढे हौसाबाई होत्या. त्यांच्या हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदीकुंकवाची कोयरी. वाडीच्या लेकीची ओटी भरायची होती. अंतिम सामन्याआधी, पांढऱ्या चुन्याच्या रेषेवर, दोन्ही संघांच्या देखत.

कर्णधाराच्या आजीकडून नारळ, खण आणि शेरभर तांदूळ. याहून स्पष्ट नियमभंग मला दहा वर्षं विचार करून सुचला नसता. आणि भरल्या सुपापुढून लेकीनं मागं फिरायचं कसं, हेही मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

माझ्याकडे एक वाट होती. एकच वाक्य बोलायचं होतं, म्हणजे सूप आपोआप मागं गेलं असतं आणि माझी नेमणूक वाचली असती. यजमान गेल्यापासून हळदीकुंकवाच्या ठिकाणी मी स्वतःच बाजूला होते. कुणाला सांगायची वेळ येऊ देत नाही. नियम पाळण्यासाठी म्हणून ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरलं.

"मामी," मी हळू आवाजात म्हटलं, "माझे यजमान नाहीत."

"ठावं हाय," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज अजिबात हळू केला नाही. "सकाळीच तुज्या मामाकडं फोन लावला व्हता. वटी लेकीची भरत्यात. जावयाची न्हाई."

माझ्यापाशी दुसरं वाक्य नव्हतं. खरं सांगायचं तर नकोही होतं.

अडचण निराळीच निघाली. पंचाचा गणवेश म्हणजे पांढरी पँट आणि पांढरा टी-शर्ट. ओटी घ्यायला पदर कुठून आणायचा? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं आपली शाल पुढं केली, पण तिच्या जावेची मुलगी खेळत होती म्हणून ती मी घेईना. तेव्हा जगदाळे सर पुढे आले, त्यांनी गळ्यातला पांढरा टॉवेल काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"टॉवेल माझा आहे," ते म्हणाले. "आयोजकांचा नाही."

मी टॉवेलची झोळी धरली. हौसाबाईंनी कुंकू लावलं आणि पाच ओंजळी तांदूळ घातले. मग नारळ, मग खण. त्यांचे हात कोरडे आणि खरखरीत होते. मला डोळे पुसता येत नव्हते, कारण दोन्ही हातांत झोळी होती. दोन्ही संघ रांगेत उभे राहून बघत होते. सर घड्याळ बघत होते.

मग सामना झाला.

शेवटच्या चढाईला वाडी एका गुणानं मागं होती आणि चढाईला कोमल आली. समोर सहा जणी. बोनसचा एक गुण मिळाला तर बरोबरी. त्यासाठी एक पाय रेषेपलीकडे टेकताना दुसरा हवेत असावा लागतो. कोमलनं झेप घेतली, पाय टाकला आणि वाडीनं आरोळी ठोकली. मी तिच्या मागच्या पायाकडे बघत होते. पंजा उचलला गेला नव्हता. धुळीत बोटभर रेघ उमटली होती. पाय टाकणारी पोर माझ्या आईच्या मावशीच्या घरातली होती आणि माझ्या कपाळावर तिच्या आजीनं लावलेलं कुंकू होतं.

मी बोनस नाकारला. शिट्टी झाली आणि वाडी हरली.

कोमल पळत माझ्याकडे आली. "आत्या, पाय वर व्हता."

मैदानात मला आत्या म्हणायला परवानगी नाही. मी खाली बोट केलं. तिनं रेघ पाहिली आणि ती प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवायला गेली. मला वाटलं, आता ही माणसं आपल्याशी बोलणार नाहीत.

बक्षीस वितरण उरकल्याची सरांनी दोनदा खात्री करून घेतली आणि मग आम्ही हौसाबाईंच्या घरी जेवायला गेलो. नाचणीची भाकरी, जत्रेचं झणझणीत मटण, वर इंद्रायणीचा भात. सरांनी तिसरी भाकरी मागून घेतली. माझी पहिलीच भाकरी अजून ताटात होती.

हौसाबाई पुढ्यात येऊन बसल्या. "निकाल खरा व्हता न्हवं?"

"खरा होता, मामी."

"मंग जेव की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटात रस्सा वाढला.

पुणे

अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहिला. नातेसंबंध या रकान्यात लिहिलं, माहेर. स्वीकारलेल्या वस्तू या रकान्यात लिहिलं, ओटी. जगदाळे सरांनी खाली सही केली आणि टॉवेलचा उल्लेख राहिला आहे, असं सुचवलं. तोही घातला.

पुढच्या आठवड्यात कार्यवाहांनी कार्यालयात बोलावलं. चांगले गृहस्थ आहेत, स्वतः खेळलेले. त्यांनी अहवाल माझ्यापुढे ठेवला. लिहिलंय तसंच राहिलं तर हा मोसम तुम्हाला नेमणूक देता येणार नाही, म्हणाले. आणि भोर तालुक्यात तर कधीच नाही, कारण माहेर काही मोसमापुरतं नसतं. मला एकदम पुढचे सगळे रविवार दिसले, ओळीनं, दुपारी.

त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढून अहवालावर ठेवलं.

"बाई, तक्रार कुणाचीच नाही. हरलेल्या संघाचीसुद्धा नाही. हा एवढा ओटीचा शब्द खोडा आणि नातं दूरचं म्हणून लिहा. रविवारी इंदापूरला सामने आहेत, तिकडे तुम्हाला पाठवतो. कुणाला कळणार आहे?"

मी पेन उचललं आणि त्यांना परत दिलं.

"कुणालाच कळणार नाही, सर," मी म्हटलं. "म्हणूनच राहू द्या."